ओवेंतिक : मदतीलाही अटी घालणारं ठाणं

मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास राज्य. तिथल्या सान क्रिस्तोबाल शहरातून डोंगर चढत गेलं, की तासाभरात ओवेंतिक येतं. फाटकावर तोंड झाकलेला पहारेकरी असतो. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं असतं, की इथे हुकूम लोकांचा आणि ताबेदारी सरकारची. पाहुण्याचा पासपोर्ट बघायचा, नाव, देश, कामधंदा वहीत उतरवून घ्यायचा, आत निरोप पाठवायचा आणि तोवर पाहुण्याला धुक्यात ताटकळत ठेवायचं, हा इथला रिवाज होता.

आत गेल्यावर एकच उताराचा रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडी इमारती, त्यांच्या भिंतींवर मक्याची कणसं, मेक्सिकन क्रांतीचे नेते एमिलियानो झापाता, तोंड झाकलेल्या बाया यांची भडक रंगांतली चित्रं. बायकांच्या सहकारी संस्थांची विणकामाची दुकानं, दवाखाना, खाली बास्केटबॉलचं मैदान आणि माध्यमिक शाळा. हे झापातिस्ता चळवळीचं डोंगराळ भागातलं केंद्र आहे. भोवतालची वस्ती त्सोत्सिल भाषा बोलणाऱ्या माया आदिवासींची.

१ जानेवारी १९९४ रोजी, उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, या आदिवासींनी सरकारविरुद्ध बंड केलं. लढाई बारा दिवसच चालली. १६ फेब्रुवारी १९९६ ला इथून जवळच्या सान आंद्रेस गावात सरकारशी स्वायत्ततेचा करार झाला. सरकारने तो पाळला नाही. मग २००३ च्या ऑगस्टमध्ये झापातिस्तांनी कुणाची वाट न बघता स्वतःची ‘सुशासन मंडळं’ नेमली. सभासद पाळीपाळीने यायचे. पगार नाही, तेवढ्या काळात त्यांच्या शेताकडे गावाने बघायचं.

त्याच वर्षी चळवळीचे प्रवक्ते सबकमांडंट मार्कोस यांनी एका बुटाची हकिगत जाहीर केली. मदतीच्या सामानात एक गुलाबी, परदेशी, सुईसारख्या टाचेचा बूट आला होता. एकच, जोड नव्हतीच. शिवाय बिघडलेले संगणक, मुदत उलटलेली औषधं, चित्रविचित्र कपडे. बोहारणीनेही नाकारलं असतं असलं सामान. मार्कोस तो बूट पिशवीत घेऊन हिंडत, आठवण राहावी म्हणून. पुढे नियम झाला: मदत मंडळाच्या हाती द्यायची, ती कुठे लागेल ते मंडळ ठरवेल, आणि एखाद्या गावाला बाहेरून प्रकल्प मिळाला तर त्याच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम मंडळाकडे, म्हणजे जिथे कुणी पाहुणा फिरकत नाही अशा गावांसाठी. नावाजलेल्या गावांनाच मदत मिळते, हे त्यांनी ओळखलं होतं. ओवेंतिक स्वतः त्यांतलंच, हे विशेष.

‘ला ग्वादालुपाना’ हा इथला दवाखाना बंडाच्याही आधीचा. तो चालवतात गावोगावचे तरुण आरोग्यसेवक. बाहेरचे डॉक्टर येतात, शिकवतात, जातात. सुईणी, हाड बसवणारे आणि झाडपाल्याचे जाणकार यांचं ज्ञान पुढच्या पिढीकडे जावं, हाही झापातिस्ता आरोग्यव्यवस्थेचा भाग. चळवळीबाहेरच्या आजाऱ्यालाही दार बंद नाही. शाळेत शिकवणारेही गावचेच. परदेशी लोक इथे स्पॅनिश आणि त्सोत्सिल शिकायला येत. त्यांनी दिलेल्या पैशांचा शाळेला हातभार लागे. दाता विद्यार्थी होऊन बाकावर बसतो, ही कल्पना मला तरी भलतीच आवडली.

सरकारचा पैसा घ्यायचा नाही, ही मात्र जिवावर येणारी अट आहे. शेजारच्या घरी सरकारी अनुदान येतं, आपल्याकडे नाही. अशाने माणसं गळतात, आणि गळलीही. हे सोसणाऱ्यांचं कौतुक दुरून करणं सोपं आहे.

मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा देशव्यापी निर्बंधांची वाट न पाहता झापातिस्तांनी आपली केंद्रं स्वतःहून बंद केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर मंडळंच मोडीत काढली. चियापासमध्ये गुन्हेगारी टोळ्यांचा धुमाकूळ वाढला होता, पण चुकांची कबुलीही होती: मंडळ वर आणि गाव खाली, असा मनोरा होऊन बसला होता. म्हणून तो उलटा केला. आता प्रत्येक वस्तीचं आपलं स्थानिक सरकार. शाळा आणि दवाखान्याचा कारभार तिथेच ठरतो. बाहेरच्यांसाठी केंद्रांची दारं पुढील सूचनेपर्यंत बंद असल्याचंही त्याच वेळी जाहीर झालं. तेव्हा जाण्याचा विचार असेल तर आधी विचारून घ्यावं, आणि देण्यासारखं काही नेत असाल तर तेही.