मोटारीच्या पोटातील वार्ताहर

घोडा किती वेगाने दौडत आहे, हे स्वाराला टापांच्या आवाजावरून उमगते. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीतही अशाच टापा मोजण्याचे काम एक लहानसा भाग करीत असतो. त्यास स्पीड सेन्सर म्हणतात.

अनेक मोटारींत त्याची रचना साधी असते. अंगठ्याएवढ्या आवरणात एक चुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. समोर दातेरी पोलादी चक्र फिरते. एकेक दाता चुंबकासमोरून जाताच वेटोळ्यात विजेचा क्षीण स्पंद उमटतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच! मोटारीतील संगणक हे स्पंद मोजतो आणि कोणता गिअर केव्हा टाकावा ते ठरवितो.

हा वार्ताहर मुका झाला, की गाडी हिसके देऊ लागते, एकाच गिअरात अडकते. कधी वेगाचा काटाही शून्यावर पडून राहतो. सारी गिअरबॉक्सच निकामी झाली असे वाटून मालकाचा धीर सुटतो. मोठ्या खर्चास तयार होण्यापूर्वी त्याने सेन्सरला तारा जोडणारा कनेक्टर उघडून पाहावा. पाणी शिरून आतील पिनांवर, पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढलेला पुष्कळदा आढळतो. मग निरोप पाठविणारा धडधाकट असूनही निरोप पोहोचत नाही.

दुरुस्ती घरी करता येते; मात्र ते काम जाणत्या माणसाचे आहे. मुलांनी दूर उभे राहून पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून थंड होऊ द्यावी व बॅटरीची ऋण तार सोडवावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक घसरला, तर प्राणाशीच गाठ! गाडीखाली भक्कम स्टँड लावावेत व चाकांना अडण्या द्याव्यात.

कनेक्टरची खिट्टी दाबून तो सोडवावा. तारा ओढू नयेत. सेन्सरचा बोल्ट काढून सेन्सर हलके फिरवीत बाहेर घ्यावा. थोडे तेल ठिबकेल, म्हणून खाली भांडे ठेवावे. टोकावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असतो, चुंबकच तो! हा थर दाट झाला, तर स्पंद मंदावतात. नव्या सेन्सरच्या रबरी कड्याला गिअरबॉक्सचेच तेल लावून तो बसवावा. बोल्ट बेताने आवळावा, कारण गिअरबॉक्सचे आवरण बहुधा ॲल्युमिनियमचे असते व त्यातील आटे सहज बिघडतात.

खरी कसोटी कनेक्टर बदलताना लागते. सर्व तारा एकदम तोडल्या, तर कोणती कोठे जोडावयाची याचा घोटाळा होतो. नव्या कनेक्टरच्या तारांचे रंग जुन्यांशी जुळतीलच असे नाही. म्हणून एक तार तोडावी, तीच जोडावी, मग दुसरीस हात घालावा. सांधे शेजारी येऊ नयेत यासाठी तारा कमीअधिक लांबीवर तोडाव्यात. उष्णतेने आक्रसणारी नळी सांधा करण्यापूर्वीच तारेत ओवावी लागते. पुष्कळांना तिची आठवण सांधा झाल्यावर होते! जोडलेल्या तारा धुराच्या तापट नळीपासून दूर बांधून टाकाव्यात.

अखेरीस बॅटरी जोडून, तेलाची पातळी पाहून मोटार मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवावी. संगणकाने नोंदलेला जुना दोष पुसावयास काही वेळा निराळे उपकरण लागते. वेगाचा काटा शून्यावरून वर चढला व गिअर हिसका न देता बदलला, की गाडीखाली पुन्हा एकदा डोकावून तेल कोठे पाझरत नाही ना, तेवढे पाहावे.