हॅम्लेट आणि दोन गुण

कुंडलच्या आमच्या युनियन कचेरीत संध्याकाळी कामगारांची मुले अभ्यासाला बसतात. त्यांतला एक बी. ए.चा विद्यार्थी मध्यंतरी खट्टू होऊन आला. ‘हॅम्लेट सूड घेण्यास का कचरतो?’ या प्रश्नाला त्याने लिहिले होते : कचरत नाही, पुरावा शोधतो. दहांपैकी दोन गुण! गाइडात ‘स्वभावाने दुबळा’ असे होते.

आमची शाळा चौथीत सुटली; शेक्सपिअर आम्ही मराठीतूनच वाचला. पण हे उत्तर आम्हांस तत्काळ पटले. कारखान्यातल्या चौकशीत कामगाराची बाजू मांडताना आम्ही एवढे शिकलो की, ज्याची उलटतपासणी होत नाही त्याच्या शब्दावर आरोप टिकू द्यायचा नाही. इथे तर साक्षीदार भूत! ते सैतानही असेल, ही शंका हॅम्लेट स्वतःच बोलून दाखवतो. म्हणून तर तो राजापुढे खुनाचे नाटक करवतो आणि त्याचा चेहरा न्याहाळतो. मुलगा पुस्तक वाचून बोलत होता, गाइड वाचून नव्हे.

कऱ्हाडजवळच्या टेंभूचे (हल्ली हे नाव पाण्याच्या योजनेमुळे तोंडी असते) गोपाळ गणेश आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. तेथेच त्यांनी हे नाटक मराठीत उतरविण्यास घेतले. १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने निघाले. नावातच त्यांचे उत्तर आहे : त्यांना विकारांचा खेळ दिसला. आमच्या मुलाशी त्यांचे जुळले नसते. पण उत्तर त्यांचे स्वतःचे होते.

आम्हीही त्याला एक अडचण घातली. पडद्यामागे कोण आहे हे न पाहताच हॅम्लेट पोलोनियसला भोसकतो, तेव्हा पुरावा कुठे गेला? मुलगा अडला. दोन दिवस झाले, कचेरीच्या बाकावर त्यावरच लिहीत बसला आहे.