धक्का पचवण्याची विद्या

मोटार रस्त्यावर उभी असते म्हणजे नेमकी कशावर उभी असते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. उत्तर साधे आहे. ती चार टायरांच्या चार ठिपक्यांवर उभी असते आणि एकेक ठिपका साधारण आपल्या तळहाताएवढा असतो. इंजिन कितीही ताकदीचे असो, ब्रेक कितीही उत्तम असोत. पळणे, वळणे आणि थांबणे हे सारे या चार तळहातांच्या भरवशावर चालते. त्यांतला एक जरी क्षणभर रस्त्यावरून उचलला गेला, तरी तेवढ्यापुरती गाडी लंगडी होते. स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, चाकाला धरून ठेवणारे दांडे आणि त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश मिळून जे सस्पेन्शन होते, ते मुख्यतः हा तळहात रस्त्यावर टेकलेला राहावा यासाठीच असते. प्रवाशाला गादीवर बसल्यासारखे वाटणे हा त्याचा दुसरा लाभ, पहिला नव्हे.

हे मी शिकलो ते इंग्लंडमध्ये, पुतण्याच्या घराला लागून असलेल्या गॅरेजात. त्याच्याकडे १९९५ सालची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार आहे. तिचे सस्पेन्शन घरीच बदलायचा त्याचा बेत होता आणि मी तेव्हा त्याच्याकडे मुक्कामाला होतो. मोटारीच्या यंत्रशास्त्रात माझी गती बेताचीच. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट येते: दुसऱ्याने केलेले काम तपासणे. त्या गॅरेजात मला तीच नोकरी मिळाली.

या गाडीविषयी थोडे सांगायला हवे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. बनावट जपानी, पण प्रेरणा इंग्रजी. १९६२ साली आलेली लोटस एलान ही चिमुकली गाडी माझदाच्या अभियंत्यांनी बारकाईने अभ्यासली होती. हजार किलोंच्या आसपास वजन, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि चारही चाकांना वर एक व खाली एक असे दोन त्रिकोणी दांडे. घोडा आणि स्वार यांचे एकजीव होणे ही कल्पना जपानी अभियंत्यांनी समोर ठेवली होती. २०१६ साली या नावाची दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. दोन आसनांच्या उघड्या गाड्यांत एवढा खप दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही.

आणि घरी काम करण्याचे म्हणाल, तर इंग्लंडात त्याला कोणी चक्रमपणा समजत नाही. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने आपली पहिली गाडी १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून तयार केली, ती उत्तर लंडनमध्ये आपल्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. जॉन हेन्स या गृहस्थाने १९६६ पासून एकेक मोटार प्रत्यक्ष खोलून, प्रत्येक पायरीचे छायाचित्र काढून दुरुस्तीची पुस्तके छापली आणि ती तिथल्या घराघरांत गेली. आमच्या बाकावरही तसेच एक तेलकट पुस्तक उघडे होते.

आता स्प्रिंगेचा स्वभाव पाहू. आपल्याकडे ट्रकखाली कमानपाटे असतात, या गाडीत वेटोळ्याची स्प्रिंग आहे. धर्म दोघांचा एकच. जेवढा भार टाकाल तेवढ्या प्रमाणात ती दबते. रॉबर्ट हूक याने हा नियम १६७८ साली प्रसिद्ध केला. पण स्प्रिंगेला एक खोड आहे. घेतलेले ती जवळजवळ सगळे परत करते. खड्ड्याचा धक्का ती घेते आणि लगेच गाडीला उलट उसळी देते. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. हा हेलकावा संपवायचा कोणी? ते काम शॉक अब्सॉर्बरचे. त्याचे नाव खरे तर फसवे आहे, कारण धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक अब्सॉर्बर म्हणजे तेलाने भरलेले नळकांडे आणि त्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या. दट्ट्या हलला की तेल त्या छिद्रांतून पिळून निघते आणि उसळीची ताकद उष्णता होऊन विरून जाते. एक घेते आणि परत देते, दुसरा घेतो आणि जिरवतो. दोघांचे जमले तर संसार सुखाचा.

पुतण्याच्या गाडीत हे जमलेले नव्हते. आधीच्या मालकाने गाडी बुटकी दिसावी म्हणून आखूड आणि कडक स्प्रिंगा घातल्या होत्या, शॉक अब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले होते. ओल्या, खडबडीत वळणावर गाडीचा मागचा भाग टुणकन बाजूला उडे. पुतण्याचे निदान असे, की स्प्रिंगा अजून पुरेशा कडक नाहीत. त्याने नवा संच मागवला होता. त्यातल्या शॉक अब्सॉर्बरच्या बाहेरून आटे असतात आणि त्यांवरची रिंग फिरवून गाडी हवी तेवढी वर-खाली करता येते. त्याला ती आणखी खाली घ्यायची होती.

त्याला मी मत दिले नाही, कारण मला ते नव्हते. मी पुरावा मागितला. त्याने एक युक्ती केली. धूळ अडवणारे रबरी आवरण फाटून गेलेलेच होते. आतल्या चकचकीत दांडीवर त्याने प्लास्टिकची बारीक पट्टी आवळून बसवली. शॉक अब्सॉर्बर जेवढा दबेल तेवढी ती पट्टी सरकते आणि तिथेच राहते. नेहमीच्या रस्त्यावरून एक फेरी मारून आलो. चारही पट्ट्या पार टोकाला, शेवटच्या रबरी ठोकळ्याला जाऊन टेकल्या होत्या. याचा अर्थ स्प्रिंगेचे काम मध्येच संपत होते आणि पुढचा भार त्या ठोकळ्यावर आदळत होता. वळणाच्या मध्यावर एखादे चाक असे ठोकळ्यावर बसले, की ते सस्पेन्शन एकाएकी दगडासारखे होते आणि टायरची पकड सुटते. गाडी उडत होती ती स्प्रिंगा मऊ म्हणून नव्हे. तिला खाली दबायला जागाच उरली नव्हती म्हणून. तीस मिलिमीटर गाडी खाली आणली म्हणजे खड्डा पचवायची तीस मिलिमीटर जागा आपण देऊन टाकली, हा हिशेब कोणालाही कळेल.

दुसरा हिशेब जरा गमतीचा आहे. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला आणि १९३० च्या दशकात त्याने गाडीच्या हेलकाव्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. उंचवट्यावर आधी पुढची चाके चढतात, मागची नंतर. एमएक्स-५ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २२६५ मिलिमीटर अंतर आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने ते तोडायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. म्हणजे मागची बाजू उशिरा नाचू लागते. दोन्ही टोके एकाच लयीत नाचली तर ही चूक कायम राहते आणि गाडी होडीसारखी डुलते. ऑलीने दाखवले, की मागच्या बाजूची लय किंचित जलद ठेवली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते. तेव्हा प्रश्न कडकपणाचा नसून मेळाचा आहे. आणखी एक गोष्ट. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर लय दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होते. धक्के मात्र भरपूर वाढतात. चॅपमनच्या एलानमध्ये तर स्प्रिंगा चांगल्या मऊ होत्या. तिची कीर्ती जी झाली ती त्यांना योग्य शॉक अब्सॉर्बरची जोड मिळाली म्हणून.

हे सगळे कागदावर मांडल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प होता. गाडी बुटकी दिसण्याची हौस त्यालाही होती. पण दुसऱ्या आसनावर त्याची चौदा वर्षांची मुलगी बसते. शेवटी तो म्हणाला, "काका, वीस मिलिमीटर वर घेऊ या." मूळ कारखान्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली, पण आधीच्यापेक्षा वर, असे ठरले.

मग प्रत्यक्ष काम. पहिला नियम असा, की जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय आणि हाताने हलवून पाहिल्याशिवाय कोणी खाली वाकायचे नाही. दुसरा नियम स्प्रिंगेचा. समजा, एक मिलिमीटर दबायला ३० न्यूटन लागतील अशी स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबून ठेवली आहे. ती ३००० न्यूटन जोराने, म्हणजे सुमारे ३०० किलो भाराएवढी, सुटायला बघत असते. तिच्यात साठलेली ताकद दहा किलोंचे वजन दीड मीटरवरून डोक्यात पडावे एवढी. म्हणून दाबयंत्राने ती दोन्ही बाजूंनी सारखी आवळल्याशिवाय वरचा मधला नट सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या वेळी मुलीला आणि मलाही गॅरेजाबाहेर उभे केले गेले.

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ तीस वर्षे बोल्टांना खात असते. खालच्या दांड्याचा एक लांब बोल्ट, ज्याने चाकाचा कोन जुळवतात, तो आतल्या नळीला गंजून असा चिकटला होता की तेल, उष्णता, हातोडा कशानेच हलेना. नवा संच त्याला न काढताही बसला असता. पुतण्या दमला होता. "काका, राहू दे हा. चालतंय की." मी म्हणालो, "अरे, कोन जुळवताच येणार नसेल तर बाकीचं सगळं कशासाठी केलंस?" दुसऱ्या दिवशी त्याने तो करवतीने कापला, नवा बोल्ट आणि बुश मागवले आणि ते येईपर्यंत दहा दिवस गाडी स्टँडवर राहिली. तो बसने कामाला गेला.

बुशच्या बाबतीत एक बारकावा आहे. त्यातले रबर आतल्या नळीला घट्ट चिकटवलेले असते आणि दांडा हलतो तेव्हा ते पिळले जाते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यावर, तिच्या नेहमीच्या उंचीला, शेवटचा आवळ द्यायचा. प्रत्येक बोल्टाला किती जोर हवा त्याचा आकडा पुस्तकात असतो. तो आकडा मी मोठ्याने वाचायचा, त्याने टॉर्क रेंचवर लावायचा, 'टक्' आवाज आला की मी वहीत खूण करायची. चाकांच्या नटांना ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात त्या एकाने दुसऱ्यावर संशय घ्यावा म्हणून नव्हे. थकलेल्या माणसाला आपण केलेले न केलेले आठवत नाही म्हणून. शेवटी चाकांचे कोन मात्र यंत्र असलेल्या कारागिराकडून जुळवून घेतले. घरी काय करू नये हे कळणे हाही घरी काम करण्याचाच भाग आहे.

नंतर त्याच खडबडीत वळणावरून गेलो. गाडी उडाली नाही. दांडीवरच्या नव्या पट्ट्या ठोकळ्यापासून बोटभर दूर थांबल्या होत्या. कानाला आणि पाठीला गाडी आधीपेक्षा शांत वाटली. मुलगी म्हणाली, "आता हळू चाललीय असं वाटतं." वेगाचा काटा तसे म्हणत नव्हता.

आपल्याकडेही पुण्या-मुंबईत गाडी खाली बसवण्याची हौस आहे, आणि आपल्याकडे तर पावलोपावली गतिरोधक आहेत. कायद्याची बाजूही पाहायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातल्या बदलांविषयी आहे आणि उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. इंग्लंडात वाव जास्त आहे, पण तिथेही गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. हा जाच नव्हे. स्वतःची गाडी, स्वतःचे हात, स्वतःचे गॅरेज हे सगळे खरे. पण रस्ता स्वतःचा नसतो. समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाने आपल्या बोल्टावर विश्वास टाकलेला असतो, आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते.

कडक असणे म्हणजे मजबूत असणे, असा आपला एक जुना समज आहे. माणसांच्या बाबतीतही आपण तो बाळगतो. मोटार तो समज टिकू देत नाही. जी दबतच नाही ती रस्ता सोडते. जी दबून उसळतच राहते तीही सोडते. टिकते ती धक्क्याला पुरेशी जागा देणारी, तो आत घेऊन तिथेच जिरवणारी. त्यासाठी लागणारी बोटभर जागा दिसायला शोभिवंत नसते, पण ती राखून ठेवावी.