नाणे हाती लागते, जागा निसटते

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात रात्रीच्या वेळी शेतांमध्ये टॉर्चचे झोत फिरू लागले. आसपासच्या गावांतील लोक फावडी, चाळण्या आणि काही जण तर मेटल डिटेक्टर घेऊन माती उकरत होते. महामार्गाच्या कामात निघालेली माती एका शेतात आणून टाकली होती आणि तिच्यात मोगलकालीन नाणी सापडल्याची वदंता पसरली होती. नुकत्याच येऊन गेलेल्या ‘छावा’ चित्रपटाने बुऱ्हाणपूरच्या मोगल खजिन्याची आठवण ताजी केली होती, त्याची भर पडली. पुढे त्या गर्दीची यथेच्छ टिंगल झाली. पण लोकांची अटकळ अगदीच वेडगळ नव्हती. बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या सुभ्याचे ठाणे होते, तिथे मोगलांची टांकसाळ होती आणि १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने हे शहर लुटले होते. अशा मातीत नाणे सापडू शकते. टीका करायचीच तर ती वेगळ्या मुद्द्यावर करायला हवी. समजा, त्या रात्री कुणाला खरोखरच मोहोर मिळाली असती, तर इतिहासाला काय मिळाले असते? जवळजवळ काहीच नाही. माती मुळात दुसरीकडची, थर एकमेकांत मिसळलेले, काढणारा अंधारात आणि नाणे थेट खिशात.

नाण्याचे मोल त्याच्या दुर्मीळपणात असते, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट रुजली आहे. संग्राहकाच्या बाजारात ती खरीही आहे. इतिहासासाठी मात्र नाण्याचे मोल ते कुठे, किती खोल आणि कोणाच्या सोबतीने पडले होते यावर ठरते. मेटल डिटेक्टर या यंत्राला नेमके हेच कळत नाही. त्याच्या कड्यातील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होते, जमिनीतल्या धातूत त्यामुळे सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. वेगवेगळ्या धातूंचे प्रतिसाद वेगळे असल्याने खिळा कोणता आणि चांदी कोणती याचा अंदाज बांधता येतो, तरी बाटलीचे झाकण आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी रोजच फसवते. दख्खनच्या काळ्या दगडातून झिजून झालेल्या मातीत लोहखनिजाचे कण असल्याने आपल्याकडे यंत्र आणखी गोंधळते. आवाज आला की माणूस खणतो, आवाज करणारी वस्तू उपसतो आणि खड्डा बुजवतो. मडक्याची खापरी, राख, हाड, चुन्याचा थर यांचा आवाज होत नाही. म्हणून ते जागीच विस्कटतात.

एकत्र सापडण्याला इतके महत्त्व का, याचे सर्वांत चांगले उत्तर नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक निधी सापडला. त्या काळी हौशी शोधकांच्या हाती डिटेक्टर नव्हते. निधी मात्र बराचसा एकत्र राहिला, मोजला गेला आणि तपासला गेला. त्यात १३,२५० हून अधिक नाणी होती आणि ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. पण त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसराच ठसा उमटलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले त्रिकूट पर्वताचे आणि उज्जैनी चिन्ह मारले होते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचे निर्मूलन केले असे सांगते. आई मुलाची थोरवी गाते तेव्हा इतिहासकार थोडे सावध असतात. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या स्तुतीला चांदीची साक्ष दिली. शिवाय बाकीची चार हजारांच्या घरातली नाणी ठशाविना राहिली होती. म्हणजे नव्या राजाचा ठसा मारण्याचे काम सगळ्या चलनापर्यंत पोहोचले नसतानाच निधी पुरला गेला असावा.

यातली गंमत अशी की या निधीमुळे नहपानाची चांदीची नाणी दुर्मीळ राहिली नाहीत. संग्राहकाच्या हिशेबात ती सामान्यच म्हणावी लागतील. तरीही सातवाहनांच्या इतिहासात त्यांच्याएवढे बोलणारे नाणे क्वचित सापडेल, कारण त्यांचे प्रमाण ठाऊक आहे. हीच नाणी दहा-दहा, वीस-वीस करून सराफाकडे गेली असती, तर त्यांतले एखादे पुढे कुठल्या तरी लिलावात ‘पुन्हा ठसा मारलेले, दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावाने विकले गेले असते. तीनात दोन नाणी ठशाची आणि एक बिनठशाची, हे कुणाला कधीच कळले नसते.

इंग्लंडमध्ये हा हौशी शोध कायद्याच्या चौकटीत चालतो, म्हणून तिथली उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेट परगण्यातील फ्रोम गावाजवळ रुग्णालयात आचारी असलेल्या एका हौशी शोधकाच्या यंत्राने आवाज दिला. काही नाणी आणि एका मडक्याचे तोंड दिसताच त्याने हात आवरता घेतला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण तो थांबण्याचा आहे. मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. पुरातत्त्वज्ञांनी ती एका दमात न ओतता थराथराने काढली आणि प्रत्येक थर वेगळ्या पिशव्यांत ठेवला. त्यातून दिसले की, सर्वांत अलीकडची, म्हणजे २८६ ते २९३ या काळात ब्रिटनवर सत्ता गाजवणाऱ्या कॅरॉसियसची, बहुतेक नाणी वर नव्हती. ती मडक्यात अर्ध्याहून खाली होती. वर्षानुवर्षे भर घालत साठवलेली पुंजी असती तर नवी नाणी वर यायला हवी होती. त्याअर्थी सारी रक्कम एकदमच ओतली गेली. शिवाय मडके इतके पातळ होते की भरल्यावर उचलणे अशक्य. आधी ते खड्ड्यात ठेवून मग भरले असणार आणि पैसे परत काढायचे तर फोडावेच लागणार. त्यामुळे हा निधी लपवलेला नसून दैवताला वाहिलेला असावा, अशी शक्यता अभ्यासकांनी मांडली. ती सगळ्यांना पटलेली नाही. पण वाद घालण्याइतका पुरावा हाती राहिला, तो शोधक योग्य वेळी थांबल्यामुळेच.

पुढचे उदाहरण अधिक बोचरे आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये एकाच काळातले दोन निधी सापडले. ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनचा निधी शोधकाने रीतसर कळवला; तो मातीच्या ढेकळासकट उचलून प्रयोगशाळेत उकलला गेला. त्यात वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ या दोन राजांची सारख्या नमुन्याची नाणी होती, काहींवर दोन सम्राट शेजारी बसलेले. वेसेक्सकडून लिहिल्या गेलेल्या बखरीत केओलवुल्फ हा व्हायकिंगांच्या हातचे बाहुले म्हणून रंगवला आहे. नाण्यांवरून मात्र तो आल्फ्रेडचा बरोबरीचा भागीदार वाटतो. जेत्याच्या बखरीने मित्राला पुसून टाकले, असे म्हणायला जागा झाली. दुसरा निधी हेरफर्डशायरचा. त्यातही हीच ‘दोन सम्राट’ नाणी होती. पण काढणाऱ्या दोघांनी तो कळवला नाही, परस्पर विकायला काढला. नाणी तीनशेच्या आसपास असावीत असा अंदाज. खटल्याच्या वेळेपर्यंत परत मिळाली होती अवघी ३१. दोघांना २०१९ मध्ये तुरुंगवास झाला. तरी उरलेल्या नाण्यांतले प्रमाण, क्रम आणि सोबत आता कोणतेही न्यायालय परत आणू शकत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नांगर, खते आणि जेसीबी मिळून मातीतला धातू असाही नष्ट करत आहेत. मग यंत्राने तो वाचवला तर बिघडले काय? नांगराखालच्या मोकळ्या मातीपुरते हे खरे आहे. तिथे थर आधीच मोडलेले असतात आणि नेमकी जागा नोंदवली तर सुटे नाणेही उपयोगी पडते. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून चालणाऱ्या ऐच्छिक नोंदणी योजनेत पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. पण तिथेही नोंद नसलेला शोध वाचवलेला धरला जात नाही आणि नांगर पोहोचतो त्याखाली हा बचाव चालतच नाही.

आपल्याकडे खरी अडचण लोभापेक्षा कायद्यात आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. इथवर ठीक. पण सरकारने तो निधी घ्यायचे ठरवले तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळून काय मिळते? धातूची किंमत आणि तिच्यावर पाचवा हिस्सा. तांब्याच्या शिवराईत धातू काही रुपयांचा. शिवाजी महाराजांचे सोन्याचे होन जगात मोजकेच शिल्लक आहेत. एकाचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्या सोन्याचा भाव अधिक वीस टक्के. मोडीचा भाव सरकारच देत असेल तर माणूस मोडीवाल्याकडे का जाणार नाही? तिथे अर्ज नाही, पंचनामा नाही, पोलीस नाहीत. उलट, फ्रोमच्या निधीची किंमत १९९६ च्या तिथल्या कायद्यानुसार बाजारभावाने ३,२०,२५० पौंड ठरली आणि ती शोधक व जमीनमालकात वाटली गेली. आपल्या कायद्यातल्या या अडचणीत गुप्तधनाभोवतीच्या अघोरी समजुतींची भर घाला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यातच सगळे आले. अशा वातावरणात पाया खणताना हंडा लागलेला माणूस पहिल्यांदा घाबरतो आणि मग गप्प बसतो.

बाजारभाव दिला तर प्रत्येक गावात लोक खणत सुटतील, अशी भीती घातली जाते. हेरफर्डशायरने दाखवले की बक्षीस असूनही चोर चोरच राहतो. ते मान्य. पण हा कायदा चोरासाठी नाहीच. तो ज्याच्या नांगराला अचानक मडके लागते त्याच्यासाठी आहे आणि आपल्याकडे बहुतेक निधी असेच, शेतात, विहिरीत, पडक्या वाड्यात सापडतात. म्हणून मी हौशी यंत्रशोधाला सरसकट मोकळीक मागणार नाही. संरक्षित किल्ल्यांवर आणि टेकाडांवर तर यंत्र नेऊच नये. बक्षीस द्यायचे ते न हलवता कळवण्याबद्दल. खणून आणून दिलेल्याला कमी, जागेवर सोडून दिलेल्याला पूर्ण. सरकारकडे पैसा कुठे आहे, हा प्रश्नही फसवा आहे. प्रत्येक नाणे विकत घेण्याची गरज नसते. बहुतेक नाणी नोंदवून, छायाचित्रे काढून परत करता येतात. १८७८ च्या कायद्यातले पाचव्या हिश्श्याचे कलम तेवढे बदलायला हवे.

तोवर वाचकांना इतकेच सांगणे. पाया खणताना किंवा शेतात नाणी दिसली तर काम थांबवा, जागेचे आणि खड्ड्याचे फोटो काढा, तहसीलदारामार्फत कलेक्टरला लेखी कळवा आणि पोच घ्या. मडके उचलू नका, ओतू नका. आणि चिंच, राख किंवा पितांबरी घेऊन नाणे घासायला मुळीच बसू नका.