पुठ्ठ्याच्या चकतीवर अवघड गणित

बाइंडिंगच्या कारखान्यात कापणीनंतर उरणारा जाड पुठ्ठा बहुधा रद्दीत जातो. त्यातून अकरावी-बारावीच्या मुलांसाठी तळहातावर मावेल असे एक साधन करता येते.

गणितात 'आय' नावाची काल्पनिक संख्या आहे. तिचा वर्ग उणे एक. तिचे घात चारच उत्तरांत फिरतात : आय, उणे एक, उणे आय, एक, मग पुन्हा तेच. हिशेब चार पावल्यांच्या रुपयासारखा. पुरे रुपये बाजूला ठेवावेत, उरलेल्या पावल्या मोजाव्यात. ६७ ला ४ ने भागले की बाकी ३. म्हणून आयचा ६७ वा घात उणे आय.

चकतीवर उजवीकडे एक, वर आय, डावीकडे उणे एक, खाली उणे आय छापावे. मधोमध आयलेट ठोकून काटा बसवावा. 'एक'पासून घड्याळाच्या उलट दिशेने, बाकी असेल तितके पाव फेरे द्यावेत. घातांक उणे असल्यास घड्याळाच्या दिशेने. आयने गुणणे म्हणजे पाव फेरा, हा विचार १७९७ साली कॅस्पर वेसेल या भूमापकाने डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला.

कारागीर बंधूंनी एक गोष्ट सांभाळावी. छपाईत आय आणि उणे आय यांची अदलाबदल झाली, तरी सम घातांची उत्तरे बरोबरच येतात आणि चूक लपून राहते. म्हणून प्रूफ तपासताना तिसरा घात जरूर फिरवून पाहावा. माल शाळेत पोहोचल्यावर चूक निघाली, तर पुठ्ठा पुन्हा रद्दीत आणि पतही गेली. नमुना आधी गणिताच्या शिक्षकांना दाखवावा; ऑर्डर त्यानंतरच घ्यावी.