मूत्रपिंडांचे रक्षण : औषधे व वनस्पती

जेंटामायसीन हे जंतुनाशक औषध माणसांना व जनावरांनाही टोचतात. गंभीर संसर्गात ते जीव वाचविते. परंतु त्याचा काही अंश मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठतो. तेथे प्राणवायूपासून अतिक्रियाशील कण निर्माण होऊन पेशींना इजा होते.

हळदीतील कर्क्युमिन असे कण निष्प्रभ करते. जेंटामायसीन टोचलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिले असता मूत्रपिंडांची हानी कमी झाल्याचे प्रयोगांत आढळून आले आहे. मात्र तेवढ्यावरून घरगुती काढ्याने माणसाची मूत्रपिंडे वाचतात, असे सिद्ध होत नाही. आहारातील हळद व आवळा खुशाल घ्यावा; पण त्यांवर विसंबून औषध घेऊ नये.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समजही घातक आहे. सापसंदाच्या कुळातील वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. अशी वनस्पती असलेले, वजन घटविण्याचे औषध घेतल्याने बेल्जियममध्ये अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली; १९९३ साली तेथील डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केले.

ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी गावकऱ्यांस समजावून द्याव्यात :

१. उन्हात राबून, पुरेसे पाणी न पिता अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेऊ नयेत.
२. जेंटामायसीन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, ठरल्या मात्रेत व मुदतीतच घ्यावे. काढा किंवा चूर्ण चालू असल्यास त्यांना सांगावे.
३. लघवी कमी झाल्यास किंवा पायांस सूज आल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा व रक्तातील क्रिएटिनीन तपासून घ्यावे.
४. जनावरांना उरलेले औषध परस्पर टोचू नये.