परक्याच्या युद्धात आपली पोरं पाठवायची का? ८० वर्षांपूर्वी वर्धा-सेवाग्रामात झाला होता हा वाद

सेवाग्राम (जि. वर्धा) : जगात कुठंही युद्ध पेटलं की मोबाईलवर एक प्रश्न फिरू लागतो. आपण कोणाच्या बाजूनं? मित्रदेशासाठी सैन्य पाठवायचं का? हा वाद नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तो देशभर गाजला आणि त्याचे मोठे निर्णय आपल्या वर्धा-सेवाग्रामात झाले. तेव्हा कोण काय म्हणत होतं आणि आज असा निर्णय कोण घेतं, ते सोप्या शब्दांत समजून घेऊ.

न विचारता युद्धात

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडनं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच दिवशी व्हाईसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी देशात निवडून आलेली प्रांतिक सरकारं होती. ११ पैकी ८ प्रांतांत काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि नागपुरात रविशंकर शुक्ल यांचं सरकार होतं. यातल्या एकालाही विचारलं गेलं नाही.

वादाचं मूळ इथं आहे. हिटलर वाईट आहे, यावर बहुतेक पुढाऱ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते वेगळंच. ज्या देशाला स्वातंत्र्य नाही, त्यानं दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी का लढायचं? आणि लढायचंच, तर ते ठरवणार कोण?

वर्ध्यात बैठक, एकाच घरात तीन मतं

काँग्रेस कार्यकारिणीची बैठक सप्टेंबर १९३९ मध्ये वर्ध्यात भरली. गांधीजी १९३६ पासून जवळच्या शेगावात राहत होते. हेच शेगाव पुढं सेवाग्राम झालं. जमनालाल बजाज यांच्यामुळं वर्धा हे काँग्रेसच्या बैठकांचं नेहमीचं ठिकाण बनलं होतं. नेहरू चीनच्या दौऱ्यावर होते, तो सोडून ते वर्ध्याला आले. सुभाषचंद्र बोस कार्यकारिणीत नव्हते, तरी त्यांना खास बोलावलं होतं.

पहिलं मत गांधीजींचं. इंग्लंडला नैतिक पाठिंबा द्यायचा तर तो बिनशर्त द्या, अडचणीत सापडलेल्याशी सौदा करू नका. पण हा पाठिंबा शस्त्राचा नाही.

दुसरं मत नेहरू, आझाद आणि राजाजींसारख्यांचं. भारत स्वतंत्र होणार असेल तर आम्ही शस्त्र घेऊनही लढू. आधी तसं सांगा.

तिसरं मत सुभाषबाबूंचं. इंग्रज अडचणीत आहेत, हीच लढा तीव्र करायची वेळ आहे.

१४ सप्टेंबरला ठराव झाला तो दुसऱ्या मताच्या जवळचा. इंग्रज सरकारला त्यात थेट विचारलं होतं, की हे युद्ध लोकशाहीसाठी असेल तर ती लोकशाही भारताला लागू होणार का? ऑक्टोबरमध्ये व्हाईसरॉयचं उत्तर आलं. त्याचा मतलब एवढाच, की युद्ध संपल्यावर बघू. वर्ध्यात पुन्हा बैठक झाली आणि मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असं ठरलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काँग्रेसची प्रांतिक सरकारं बाहेर पडली. सत्तेवर पाणी सोडणं सोपं नव्हतं, पण निर्णय झाला.

गांधीजींनाच बाजूला ठेवलं

जून १९४० मध्ये जर्मनीनं फ्रान्स पाडला. वर्ध्यात परत बैठक बसली. देशाच्या रक्षणासाठीसुद्धा अहिंसाच, एवढ्या टोकापर्यंत आम्ही येऊ शकत नाही, असं कार्यकारिणीनं गांधीजींना सांगितलं आणि त्यांना जबाबदारीतून मोकळं केलं. त्यानंतर जुलैमध्ये पुण्याच्या अधिवेशनात ठरलं, की दिल्लीत राष्ट्रीय सरकार द्या, आम्ही युद्धात मदत करतो.

इंग्रजांनी ऑगस्टमध्ये जे देऊ केलं, त्यात ती मागणी नव्हती. मग काँग्रेस पुन्हा गांधीजींकडं वळली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे यांनी पहिले सत्याग्रही म्हणून भाषण केलं. या युद्धाला माणूस किंवा पैसा देणं चूक आहे, एवढंच सांगायचं आणि तुरुंगात जायचं, असा हा वैयक्तिक सत्याग्रह होता. पुढच्या काही महिन्यांत देशभरातून २० हजारांवर लोक आत गेले.

युद्धात उतरा म्हणणारेही होते

ही दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं मत होतं की नाझी जिंकले तर जगातल्या दुबळ्यांची धडगत नाही. शिवाय बंद केलेली सैन्यभरती महार समाजासाठी पुन्हा उघडावी, हा त्यांचा जुना आग्रह होता. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सावरकर तरुणांना सैन्यात जा, शस्त्र शिका, असं सांगत होते. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे १९४१ मध्ये व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले. कम्युनिस्ट आधी युद्धाच्या विरोधात होते. जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केला आणि नंतर तेच याला लोकयुद्ध म्हणू लागले.

पुढाऱ्यांचा वाद चालू असताना गावागावांतून भरती सुरूच होती. कोणी पगारासाठी गेला, कोणी घराण्याची रीत म्हणून. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांवर गेलं होतं. सुमारे ८७ हजार जवान परत आले नाहीत. मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले. त्याच पलटणीचे नामदेव जाधव १९४५ मध्ये इटलीतच लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्याला कोणी नावं ठेवली नाहीत. प्रश्न त्यांना पाठवणाऱ्यांच्या अधिकाराचा होता.

१९४२ : ठराव वर्ध्यात, किंमत गावांत

१९४२ च्या सुरुवातीला जपान सिंगापूर घेऊन रंगूनपर्यंत आला. युद्ध दाराशी आलं. मार्चमध्ये क्रिप्स आले, बोलणी फिसकटली. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात कार्यकारिणीनं इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला. हाच पुढं ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो' झाला.

एक गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते. इंग्रज राज्य गेलं तरी जपानशी लढण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या फौजा इथं राहिल्या तर चालतील, हे काँग्रेसनं आणि गांधीजींनीही मान्य केलं होतं. म्हणजे मदतीला नकार नव्हता. आमचा निर्णय आम्हाला घेऊ द्या, एवढंच म्हणणं होतं.

पुढारी पकडले गेल्यावर लोकच रस्त्यावर आले. १६ ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीत लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, माणसं गेली. आष्टीला आजही शहीद आष्टी म्हणतात ते यामुळं.

आज निर्णय कोण घेतं?

युद्ध आणि शांतता हा विषय राज्यघटनेनं केंद्राच्या सूचीत ठेवला आहे. निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ घेतं. सैन्य पाठवण्याआधी संसदेत मतदान झालंच पाहिजे, असं घटनेत लिहिलेलं नाही. पण सरकारला संसदेत जाब द्यावा लागतो आणि खर्चही संसदच मंजूर करते.

याचं चांगलं उदाहरण २००३ चं आहे. अमेरिकेनं इराकवर हल्ला केला आणि पुढं भारताकडं सैन्य मागितलं. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते आणि अमेरिकेशी संबंध सुधारत होते. पाठवावं म्हणणारेही होते. पण त्याआधीच, एप्रिलमध्ये, लोकसभेनं हल्ल्याच्या निषेधाचा ठराव केला होता. विरोधी पक्षांनी सैन्य पाठवायला विरोध केला. अखेर १४ जुलैला सरकारनं सांगितलं, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य पाठवणार नाही.

१९३९ आणि २००३ मधला फरक यात दिसतो. तेव्हा व्हाईसरॉयनं एका घोषणेत सगळा देश युद्धात ओढला आणि निवडून आलेल्यांना राजीनाम्याशिवाय मार्ग उरला नाही. २००३ मध्ये सरकारला संसदेत बोलावं लागलं, विरोधकांचं ऐकावं लागलं आणि महिनाभराहून जास्त विचार करावा लागला.

उद्या पुन्हा असा प्रसंग आला तर ज्याच्या घरचा पोरगा सीमेवर आहे, त्याचा आवाज दिल्लीत पोचायची वाट खासदारामार्फत जाते. कोणाच्या बाजूनं, हे विचारण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. आपण का जायचं, कोणाच्या हुकमात लढायचं आणि परत कधी यायचं. वर्ध्यातल्या बैठकांत इंग्रज सरकारला विचारलेले प्रश्न याच जातीचे होते. फरक इतकाच, की तेव्हा उत्तर देणं सरकारला बंधनकारक नव्हतं. आज आहे.